वेर

शाईचं शिंग काखेत धरून ऊब द्यावी लागते,
इतकी थंडी. सेव्हर्नवरचं धुकं थेट मठात शिरलेलं.
ओसगार कायदा उतरवतोय
मेंढीच्या कातड्यावर, हंसाच्या पिसानं:
माणूस मारला तर त्याचं मोल काय.
कुळवाडी, दोनशे शिलिंग. सरदार, बाराशे.
'वेर' म्हणजे पुरुष. 'वेर' म्हणजे नवरा.
आणि तो मेल्यावर जी भरपाई, तीही वेरच.

पान उलटल्यावर, कळपाला जपा असं काहीसं येतं
आणि तिथं 'वेर'ला 'वुल्फ' लागतो.
वेरवुल्फ. माणूसलांडगा.
पीस न उचलता तो दोन्ही लिहितो,
मध्ये सुईही जाणार नाही.

मग थांबतो.
धाकट्याचं नाव आईनं केनवुल्फ ठेवलं होतं,
धीट लांडगा; लाडानं नुसतंच वुल्फ.
गेल्या सुगीत त्याच्या हातून गिरणीवाला मेला.
दोनशे जमले नाहीत.
पंच म्हणाले, याच्या धडावर आता लांडग्याचं डोकं,
याला मोल नाही, दिसेल त्यानं मारावं.
रानाच्या कडेला त्यानं एकदा वळून पाहिलं.
दात दिसले. हसला असेल.

ओसगार ओळ पुरी करतो,
शाई वाळेपर्यंत बोटं तोंडात धरून बसतो.

पुढं तिथला शेवटचा लांडगा कुणीतरी मारला, इनाम घेतलं.
एकटादुकटा 'वेर'ही बोलीतून गेला,
कधी, ते कुणाच्या ध्यानात नाही.
उरला तो लांडग्याच्या पोटात.
आणि थोडा 'वर्ल्ड'मध्ये: माणसाचं वय, एवढाच त्याचा मूळ अर्थ.
आमच्याकडे तोच 'वीर' होऊन दगडात उभा आहे,
हातात तलवार, अंगाला शेंदूर.
त्याला कळवावं का,
भाऊ तिकडं कसा राहतो?

बेरिल नॉटली दमट दिवशी ते पान उघडते,
कडांवर शिशाच्या वजनांच्या माळा ठेवते.
तरी दुपारपर्यंत कातडं फुगतं,
कोपरे उचलतात, मधोमध कणा धरतो.
"हजार वर्षं झाली," ती म्हणते,
"अजून परत मेंढी व्हायला बघतेय,"
आणि तळहात अलगद तिच्या पाठीवर ठेवते,
त्या शब्दापासून जरा लांब.