ड्रबिंग

रात्रीचे पावणेअकरा. अंबडच्या छापखान्यातून दुसरा फोन:
पान सोडा.
क्रीडा पानावर दोन कॉलम रिकामे,
आणि संघटनेच्या इंग्रजी पत्रकात एक शब्द
माशाच्या काट्यासारखा आडवा. ड्रबिंग.

'म्हणजे दणदणीत पराभव ना?' हर्षाली विचारते.
हो. पण दणदणतो तो विजय.
पराभवाला कुठला आलाय आवाज?

धुव्वा लिही, गायधनी म्हणतात, मान वर न करता.
तीस वर्षं ते धुव्वाच लिहितायत.
धुव्व्यात नुसता धूर, जळलं कोण ते दिसत नाही.
पानिपत नको, शाळेतल्या पोरी आहेत.
फडशा म्हणजे कुणीतरी जेवून उठलं.
दाणादाण चाललं असतं,
पण त्या पळाल्या कुठे?
शेवटची शिट्टी झाली तरी
उकिडव्या बसून होत्या आपापल्या चौकोनात,
कुणीतरी खो देईल म्हणून.

दुपारी मी होतो गोल्फ क्लबवर.
हरसूलचा संघ, अनवाणी.
खांबाला वळसा घेताना यशोदा भोयेने
अशी हूल दिली की
पंचांची मानसुद्धा भलतीकडे वळली.
एक मिनिट चाळीस सेकंद. पत्रकात ते नाही.
नंतर पाण्याच्या टाकीशी
एकीचा पाय दुसरीच्या मांडीवर
आणि दुसरी सेफ्टी पिनेने
टाचेतला खडा काढतेय, फुंकर घालत.

कपाटातून जाडा कोश काढला, पाठीला चिकटपट्टी लावलेला.
मूळ बहुधा अरबी, तो म्हणतो. मारणे.
जुन्या प्रवाशांनी नोंदवलेली शिक्षा:
तळपायांवर छड्या.
अरे, मग आपली जरब ह्याच घरची!
एक बहीण समुद्रावरून साहेबाकडे गेली,
दुसरी खुष्कीने आली आमच्या दप्तरांत,
पुढे मास्तरांच्या डोळ्यांत राहिली.

तळपायांवर.
बोट त्या ओळीवर ठेवून मी बसून राहिलो.

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा लिहिलं:
हरसूल एक डाव चौदा गुणांनी पराभूत.
खाली बारीक टाइपात, मावलं तेवढं:
यशोदा भोये, १ मि. ४० से.
गायधनींनी चष्मा कपाळावर नेला.
'मिळमिळीत झालं रे.'
झालं.

गिरणाऱ्याच्या वाटेने एसटी
एव्हाना पोचलीही असेल.
नसेल, तर पोरी एकमेकींवर रेलून झोपल्या असतील,
पाय समोरच्या सीटवर,
तळवे उघडे.