दहा मिनिटं आधी

त्या किनाऱ्यावर जूनमध्ये
दिवेलागण होते साडेदहाला.
घड्याळ कधीकाळी कुणाच्या तरी सोयीनं पुढं केलं,
सूर्याला ते कळवायचं राहून गेलं.
मग सहा महिन्यांच्या बाळाला
कोण काय सांगणार?

तिचं नाव उशीया.
गालिसियात जुनंच आहे हे नाव, तिथं कुणाला त्यात
उशी दिसत नाही की उशीर ऐकू येत नाही.
मला दोन्ही येतात ऐकू,
आणि पाळण्यातले ते टकमक डोळे बघता
नावानं बाजू कुणाची घेतलीय
ते वेगळं सांगायला नको.

खाली चौकात पोरं अजून चेंडू बडवताहेत.
म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटतात,
दर आपटीला
वर, तिसऱ्या मजल्यावर
दोन मुठी उघडतात.

साबेलाची शिफ्ट पहाटे सहाची.
शिणाणी उकडायची, सोलायची, डब्यात भरायची.
बोटांचा व्हिनेगर साबणानं जात नाही.
बाळ अकराला निजलं
की हिच्या वाट्याला येते
ती उष्टी झोप.

दवाखान्यातली दोरिन्दा म्हणाली,
एकदम ओढू नकोस. जाळं ओढतात का धसमुसळेपणानं?
दर तीन दिवसांनी दहा मिनिटं आधी.
फक्त दहा.

म्हणून फ्रिजवर एक कागद.
दहा पन्नास. दहा चाळीस.
शटर खाली, तरी फटींमधून
भिंतीवर खसखस सांडावी तसा उजेड.
कोमट पाणी, मग दूध, मग तोच निळा रुमाल,
मग थोपटणं, थोपटणं,
हात आपोआप चालत राहतो
आणि आईच पेंगते आधी.

दहा तीस.
मग आली होळ्यांची रात्र, सगळा किनारा पेटलेला,
तारल्यांचा धूर घरोघर.
उशीया आईच्या खांद्यावरून
साडेबारापर्यंत आग बघत होती, न रडता.
कागदावर साबेलानं त्या दिवशी
काहीच लिहिलं नाही,
एक मासा काढला.

पुन्हा दहा चाळीसपासून.

आन्शो शेवटची बस चालवतो.
साडेनवाला घरी येतो, बूट दारातच,
आणि इतके दिवस त्याला बघून
पाळण्यात एक लाथ उडायची, हवेत, आनंदाची.
तो तास त्याचा होता.
नऊ चाळीसला तो अर्धा झाला नाही का,
नऊ वीसला तर संपलाच.
दहा मिनिटं कुठून तरी यावी लागतात,
ती त्याच्या खिशातून येत होती.
तो बोलला काही नाही.
अंधारात उभा राहून
श्वास मोजायचा,
बसमध्ये उतारू मोजतात तसा,
आणि आमटी गरम न करताच प्यायचा.

ऑगस्टच्या शेवटी
साडेआठ.
अर्धं श्रेय ऑगस्टचं, संध्याकाळी
आता जरा शहाण्यासारख्या वागतात.
साबेला खुर्चीत बसून राहिली.
समोर अख्खी एक संध्याकाळ, रिकामी,
तिला हात लावावा की नाही कळेना.
नवाला निजली. पाय धुवायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून आली
तर कागदावर तिच्या अक्षराखाली
वेगळं अक्षर, ड्रायव्हरचं, आडवंतिडवं:

सहा पाच. जागी झाली. बाहेर काळोख.
मारुशा यायला दीड तास.
आम्ही दिवा नाही लावला.
तिनं माझं नाक धरलं.

आणि त्याखाली, पेन संपत आल्यासारखं फिकं,

उद्या पाच पंचावन्न जमेल का विचार.