जोड

सुभाषनगरात बत्तीस वर्षं रापी चालवली.
बापानं शिकवलेलं : जोड म्हणजे दोन सारखे.
तळव्याला तळवा लावावा, केसाचा फरक दिसू नये.
मीही तेच सांगत आलो, पोरांना, गिऱ्हाइकांना,
एकदा तर बायकोला, भांडताना.

हसीना मुजावर आली
पापाच्या तिकटीपासून चालत.
म्हणाली, डावा सातचा, उजवा चारचा.
लहानपणी पोलिओ झालेला.
दरवेळी दोन जोड घेते, एकेक घालते.
उरलेल्या चौदा माळ्यावर आहेत,
नव्याकोऱ्या.

मी म्हटलं, असला जोड होत नसतो.
सवयीनंच म्हटलं.
ती वाद घालेना. पायरीवर टेकली,
पाय चोळत बसली.

अशाच एका पायरीखाली
माझा बाप उभा राहायचा,
मालकाच्या पायाचं माप घ्यायचा
लांबून, नजरेनं.
त्यांना शिवायचं नाही,
त्यांच्या चपला मात्र आम्हीच शिवायच्या.

मी कागद अंथरला.
पेन्सिल फिरवली, आधी एका पायाभोवती,
मग दुसऱ्या.
उजव्याला तळ दोन पदर जादा दिला,
वेणी दोन्हीला एकच घातली.

आठवड्यानं नेल्या तिनं.
गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं :
एक करकर जाड, एक बारीक,
तरी चाल एकच.

बापाचा फर्मा खिळ्याला आहे तसाच.
त्याच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला,
तिचे दोन कागद टांगायला.
ठोकताना एक घाव अंगठ्यावर बसला.
तेवढं चालायचंच.