गोळा केवढा

सव्वाआठला इलोय माझ्या दारात.
जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत, एका बुटाची नाडी सुटलेली.
पोटात दुखतंय, म्हणतो.
सोमवारी दुखलं, मंगळवारी दुखलं,
गुरुवारी तर फाटकापाशीच ओकला.
नर्सच्या थर्मामीटरला काही सापडत नाही,
मग त्याला इकडे पाठवतात,
जिन्याखालच्या या खोलीत, जिथे पूर्वी नकाशे ठेवत.

इथली मुलं मला तिआ म्हणतात,
म्हणजे मावशी, आत्या, काकू,
ज्याच्या घरी जी कमी असेल ती.

पुन्ता अरेनासला वारा फार झाला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
पाहुणे त्या दोराला धरून फोटो काढतात.
इलोय सहा वर्षांचा आहे, त्याला गंमत वाटत नाही.
त्याचा बाप रेनान खेकड्यांच्या बोटीवर असतो,
आणि खिडकीची काच थरथरली
की पोराचे डोळे तिकडे जातात
ते वजाबाकीकडे परत येत नाहीत.

पहिल्या आठवड्यात मी चुकले.
म्हटलं, काही होणार नाही रे.
त्याने विचारलं, तुला कसं माहीत?

वीस वर्षं हेच काम करतेय.
भिंतीवर शिक्क्याचं प्रमाणपत्र आहे, जरा वाकडं टांगलेलं.
मी त्याच्याकडे बघत बसले.

तेव्हापासून ते वाक्य सोडलं.
विचारलं, पोटातला गोळा केवढा आहे?
बराच वेळ नुसता हीटर कुरकुरला.
मग त्याने हात पसरले. एवढा.
रंग?
ओल्या लोकरीचा.
बोलतो का तो?
नाही. ऐकतो.

वहीत मी लिहिलं, झोप कमी, भूक कमी, आईला भेटणे.
'ऐकतो' लिहायला वहीत रकाना नव्हता.

आई, यानेत, मासळीच्या कारखान्यातून तशीच आली,
हाताला क्लोरीनचा वास, बसायलाही तयार नव्हती.
रात्री हवामानाचा रेडिओ लावते, म्हणाली,
अगदी हळू, तो झोपल्यावर.
तो झोपलेला नसतो, हे मी सांगितलं.
मग ती बसली.
एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं
झोपेचं सोंग घेऊन एकच रेडिओ ऐकत होते, महिनोन्‌महिने.
म्हटलं, मोठ्याने लावा. जवळ घ्या. दहा मिनिटं,
आणि मग बंद करायचं बटण त्याला दाबू द्या.

एवढ्याने झालं असं नाही.
एक दिवस दोराला धरून आम्ही बारा पावलं गेलो,
दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी तो घरूनच निघाला नाही.
वर्गावरच्या नोएमीने त्याला पेन्सिलींना टोक करायचं काम दिलं,
सकाळी आल्या आल्या, बाकीच्यांच्या आधी.
त्याने इतकी टोकं केली की एप्रिलात पेन्सिली संपल्या.

मेमध्ये बोट दोन दिवस उशिरा होती.
गोळा केवढा, मी विचारलं.
खोलीत मावत नाही, तो म्हणाला.
मग आम्ही बाहेर जिन्यावर बसलो.
मला माहीत नाही रे बाबा कधी येतील ते, मी म्हटलं,
माझ्याही पोटात आहे एक.
त्याने मान वळवली. केवढा?
मी हातांनी दाखवला, होता तेवढाच.
त्याने नीट पाहिला, डॉक्टर पाहतात तसा,
आणि पायरीवर जरा सरकून बसला,
मधे जागा ठेवून.

बोट शनिवारी आली. त्यात माझं काही नव्हतं.

सोमवारी सव्वाआठला तो पुन्हा दारात.
पोटात दुखतंय.
मग थांबून, वर्गात गेलं तरी दुखेल ना?
दुखेल, मी म्हटलं, थोडा वेळ.
त्याने विचार केला
आणि गेला, नाडी तशीच फरफटत.