गिरणीच्या माळ्यावर

माझं नाव मोनाप्पा सांबरेकर.
नावातलं मौन बारशालाच अंगाला लागलं.
पतसंस्थेत कारकून. 'बसा' म्हटल्याशिवाय बसत नाही.
एकदा कुणी म्हणायचं विसरलं,
तर अख्खी वार्षिक सभा उभ्यानं काढली.

मला तीन भाषा येतात,
तिन्हींत गप्प बसता येतं.
कानडीत गप्प बसलो की मराठी वाटतो,
मराठीत बसलो की कानडी.
न्हाव्यानं भांग उलटा पाडला होता,
तो अकरा वर्षं तसाच वागवला.

बायको म्हणाली, "जावा की एकदा त्या हुक्केरी बाईंकडं."
वडगावात, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर,
पाटी नाही, जिन्याला कठडा नाही.

बाई पूर्वी बसवर कंडक्टर.
निवृत्तीनंतर टपालानं मानसशास्त्र शिकल्या.
खांद्याला अजून ती कातडी पिशवी.
खाली ज्वारी दळत होती.
"मला भीती वाटते," मी म्हणालो.
"ऐकायला येईना की!"
"भीती!"
"कुठवरची?"
"सगळीकडची!" मी ओरडलो, आणि नेमका तेव्हाच
गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला.
माझा शब्द एकटाच उभा राहिला
डबे घेऊन आलेल्या बायकांसमोर,
पिठानं पांढरा होऊन.

बाईंनी तिकीट फाडलं.
"खानापूरपर्यंतची दिसती.
पुढं जंगल. तिथं भ्यायचं काम अस्वलांचं."

पहिलं औषध:
कुंद्याच्या दुकानात जायचं, चव बघायची,
न घेता बाहेर यायचं.
मी चव बघितली आणि दोन किलो घेतला.
पुढच्या गुरुवारी चार.
बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला
आणि उपचार चालू ठेवला.

दुसरं: विनोदी सिनेमा, मॅटिनी, एकट्यानं.
"सगळी हसतील तिथं हसायचं नाही.
तुम्हाला येईल तिथं हसायचं."

पडद्यावर एक भित्रा माणूस
स्वतःच्याच घराचं दार वाजवत होता.
थेटर हसलं.
मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.
दार वाजवावंच की.

मग तो तिला सोडायला गाडीत चढला.
गाडी सुटली. 'थांबा' म्हणेना,
तिची छत्री हातात धरून नुसता उभा.
व्हायोलिन लागलं. पुढच्या रांगेत कुणी नाक ओढलं.
आणि मला लोंढा आठवलं.
सासऱ्यांची ट्रंक ठेवायला डब्यात चढलो होतो,
'उतरायचंय' म्हणायची लाज वाटली,
लोंढ्यापर्यंत ट्रंकेवर बसून गेलो,
सासरे म्हणाले, "जावई फार माया करतो."

मी हसलो.
आधी नाकातून, मग सगळा.
"यावनले अंव?" मागून कुणी विचारलं.
"कोण हाय गा तो?" बाजूनं मराठीत तेच.
दोन भाषांची तोंडं माझ्याकडं वळली.
एरवी खुर्चीखाली गेलो असतो.
पण छातीत गिरणी लागलेली,
पट्टा उतरवायला कोणी नव्हतं.

गुरुवारी वीज गेली होती. खाली गिरणी मुकी.
मी सगळं हळू आवाजातच सांगितलं,
बाईंना सगळं ऐकू आलं.
"चांगलं झालं. पुढच्या गुरुवारी मग..."
"नाही," मी म्हणालो.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
चालत्या बसमधून उतरणाऱ्याकडं बघतात तसं.
"चिल्लर नाही. अठरा रुपये उतरताना घ्या,"
असं म्हणून तिकिटामागं आकडा लिहिला.

मी जिना उतरलो.
कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत आलो.
आयुष्यभर असे किती अठरा
कोणाकोणाच्या पिशवीत राहिले असतील.
परत फिरलो. जिना चढलो.
दार उघडंच होतं, बाई समोरच बसलेल्या,
नाणी मोजून तयार.

तरी मी दार वाजवलं.