अठ्ठाविसावं नाव

नांतवेनच्या चौकातला खांब आमच्याच खाणीतला.
पाटीचा दगड. ह्या दगडानं परगावची किती छपरं शाकारली,
उरल्या तुकड्यांवर पोरांनी मुळाक्षरं गिरवली.
खांबावरची पाटी मात्र कुणी ओल्या फडक्यानं पुसू शकत नाही.

सत्तावीस नावं, वर्णक्रमानं.
मग बोटभर जागा सोडून, जरा उथळ कोरलेलं
रेव्ह. इथेल प्रोथेरो.
पलटण नाही, हुद्दा नाही.
तीस वर्षं मी तिथं सायकल टेकवून
टपालाची पिशवी सारखी करत आलो.
वाचलं नव्हतं कधी.

निवृत्त माणसानं काहीतरी धरावं लागतं.
शेजारच्या ग्रिफनं कबुतरं धरली. मी पाद्री धरला.

चर्चच्या नोंदीत तो नव्हता, कारण तो चॅपेलचा.
चॅपेलच्या वहीत सापडला: मुक्काम अकरा आठवडे.
एक बाप्तिस्मा, दोन दफनं,
आणि छप्पर गळतं अशी तक्रार,
तीसुद्धा ह्या गावात!
मग फ्रान्स.
अकरा आठवड्यांच्या पाहुण्याला खांबावर कोणी बसवलं?

डॉल्गेलायच्या दप्तरखान्यात शाई चालत नाही.
नेरिस नावाच्या मुलीनं पेन्सिल दिली,
आणि वहीखाली ठेवायला उशी,
आजाऱ्याला देतात तशी.
त्याची वही तळहाताएवढी, मेणाचे डाग पडलेली.
पहिल्याच पानावर, आमच्या वेल्शमध्ये:
तुमचा ——— झोप लागावी तसा गेला.
मी जवळ होतो. त्याला काही जाणवलं नाही.

नावाच्या जागी रेघ.

हेच वाक्य आमच्या घरात काचेमागे आहे.
पणजी लोवरी दर रविवारी ती काच पुसायची.
गुटोचं वाक्य म्हणायचो आम्ही त्याला,
जसं काही दुसऱ्या कुणाला ते लागलंच नसतं.
रेघेवर गुटो ठेवून पाहिला.
नेमका बसला.

बाहेर येऊन बसथांब्यावर सँडविच खाल्लं.
राग आला होता, खोटं कशाला बोलू.
पण परतीची बस चारला होती, आणि पाऊस.

दुपारी मागची पानं उलटली.
ती कुणाच्याच आईसाठी नव्हती.
काटेरी तारेत, दोन दिवस.
आईला हाका मारत होता. ओ मी दिली.
नाव कळलं नाही. लाल केस.
आणि एका ओळीत, घाईनं:
गुटो. पोटात. पाणी मागितलं.
द्यायचं नसतं. दिलं.

नेरिस म्हणाली, बंद करायची वेळ झाली.
मी म्हटलं, हो.

खांबाचा हिशेब नंतर मिळाला, चॅपेलच्या पेटीत,
हार्मोनियमच्या पावतीखाली.
कोरणावळ अक्षरामागे सहा पेन्स.
इंग्रजी मोजणीनं नावाची तेरा अक्षरं,
पण ‘थ’ आमच्याकडे एकच, म्हणून पाथरवट एडनिफेडनं अकराच धरली.
अकरा घरांनी दिले: अंडी विकून, मोजे विणून.
लोवरीच्या नावापुढे: एक अक्षर, चुकते.
‘रेव्ह.’चे त्यानं लावलेच नाहीत.

म्हणजे त्या बायकांना ठाऊक होतं का?
विहिरीवर, दुकानात, कुणीतरी पत्र उघडलं असणार,
दुसरीनं आपलं काढलं असणार,
आणि दोघींनी घड्या पुन्हा घातल्या असणार.
हे कुठल्याच वहीत नाही.

तो स्वतः एका मार्चमध्ये गेला, जखमींच्या तंबूवर गोळा पडून.
त्याच्या आईला छापील कागद आला.
त्यात रेघा होत्या; कारकुनानं भरल्या,
आडनावात एक अक्षर कमी.

काल रात्री पत्र लिहायला बसलो.
श्रीमती मारेड प्रोथेरो यांस.
असं टपाल कुठं पोचत नाही, हे मला कुणी शिकवू नये.
तुमचा इथेल, एवढं लिहिलं.
पुढचं वाक्य समोर भिंतीवर तयार होतं.
उठलो, काच पुसली, परत टांगली.

कागद अजून टेबलावर आहे.
आज शनिवार. टपाल बाराला निघतं.