हातचा

शहराचं नाव हल.
एनिड गारबट बाई मात्र अडतीस वर्षांत
तिथून हलल्या नाहीत.
हा विनोद मी त्यांना एकदा समजावून सांगितला होता.
त्या उशिरा हसल्या, तळटीप वाचून परत वर आल्यासारख्या.

आज त्यांची खोली रिकामी करतोय,
मी आणि ट्रॉलीवाला डेरेक.

पहिला निबंध, एकोणीसशे शहात्तर:
मासळीच्या लिलावात सहाला पडलेला भाव
साडेसहाला का सावरतो.
त्यासाठी तीन हिवाळे गोदीवर उभ्या.
अंगाला वास यायचा, म्हणाल्या,
त्यामुळे बसमध्ये शेजारची जागाही माझीच.

मग बोटी बंद झाल्या. भाव कशाचा मोजणार?
बाई घरांकडे वळल्या.
हेसल रोडवरच्या बायकांच्या हिशेबवह्या, चारशे बारा.
कोळसा, पाव, मुलाचे बूट,
आणि शेवटी दर आठवड्याला एक आकडा,
ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नसे.

त्या आकड्यावर उरलेली नोकरी गेली.
समीकरणात त्याला एक ग्रीक अक्षर मिळालं.
परीक्षकांनी कळवलं, खोडा. दोनदा.
बेरजेतली चूक असेल, म्हणाले,
बायकांची.

माझ्या पहिल्या वर्षी बाईंनी विचारलं,
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
अडीनडीला ठेवलेलं, मी म्हटलं.
अडी म्हणजे? नडी म्हणजे?
मला फोड करता येईना.
मग फळ्यावर बेरीज मांडली,
आठ न् सात पंधरा, हातचा एक,
आणि सांगितलं, हा आम्ही राखूनही ठेवतो.
बाई त्या एकाकडे बघत राहिल्या.
माझा चहा निवला.
पुढच्या निबंधात तो होता, पान एकोणीस, रोमन लिपीत.
आभारात माझं आडनाव,
त्यात एक अक्षर जास्तीचं.

खालचा खण अडकला होता. डेरेकने लाथ घातली.
आत पेन्शनची पाकिटं,
सत्तावीस वर्षांची,
एकही न फोडलेलं.

बाई दारात उभ्या, कोट घालून.
बचतीवर चार पुस्तकं लिहिलेल्या बाई
कानापर्यंत लाल झाल्या.
"आकडा बघितला असता,"
म्हणाल्या,
"तर तो खर्चात धरला असता."

रद्दीत की घरी? डेरेकने विचारलं.
त्यांनी एक पाकीट उचललं,
खिडकीकडे, हंबरच्या चहाच्या रंगाच्या उजेडात धरलं,
आणि पर्समध्ये टाकलं.
बाकीची, म्हणाल्या, तशीच बांधा.